शेजारची रिकामी सीट

(धरमपुरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गणिताचे शिक्षक होते, असं संयोजकांनी पत्रातून कळवलं तेव्हा मला बरं वाटलं. कारण आज मला तुमच्यासमोर एक हिशेबच मांडायचा आहे. माणसाचं वय किती झालं, आणि त्याच्या भरवशावर बसलेल्या इतरांच्या जिवाला त्यामुळे किती धोका, असा तो हिशेब आहे.

मी देवासचा. पेशाने डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं विमान आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासण्या करण्यात गेली. हे काम इतर डॉक्टरकीपेक्षा वेगळं. समोरचा माणूस आजारी नसतो, त्याला काही दुखत नसतं, तरी तो घाबरलेला असतो. माझ्या सहीवर त्याची पुढच्या सहा महिन्यांची किंवा वर्षाची भाकरी असते. त्या टेबलापाशी बसून जे शिकलो, त्यातलं काही आज सांगतो. विषय आहे व्यावसायिक हेलिकॉप्टर पायलटांच्या वयाची मर्यादा, आणि सुरुवात युरोपातल्या नियमापासून करतो, कारण या प्रश्नावर तिथे पुष्कळ खल झाला आहे आणि कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत.

नर्मदेच्या काठी बसून युरोपातल्या नियमाची चर्चा कशाला, असं काहींना वाटेल. त्यांनी ऑगस्ट २०२२ आठवावा. आपल्याच तालुक्यातल्या कोठीद्याच्या कारम धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. धार आणि खरगोन मिळून अठरा गावं रिकामी करावी लागली. माणसं गुरंढोरं घेऊन टेकड्यांवर गेली. लष्कर आलं, आणि हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं सज्ज ठेवली होती. १४ ऑगस्टला बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं आणि संकट टळलं. पण त्या दिवसांत इथल्या किती जणांच्या मनात एकच विचार असेल: भिंत फुटली, तर वरून कोणी येईल का?

हेलिकॉप्टर म्हणजे निवडणुकीच्या सभेसाठी शाळेच्या मैदानावर, चुन्याने काढलेल्या ‘एच’वर उतरणारी वस्तू, हे दिवस आता गेले. मध्य प्रदेश सरकारने २०२४ मध्ये पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स सुरू केली. आयुष्मान कार्ड असलेल्या रुग्णाला तिचे पैसे पडत नाहीत. इंदूर, उज्जैन आणि ओंकारेश्वर जोडणारी हेलिकॉप्टर सेवाही राज्याने आणली. ओंकारेश्वर म्हणजे आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला. उद्या तुमची आई दर्शनाला त्यात बसेल, किंवा तुमचा भाऊ स्ट्रेचरवर त्यात चढवला जाईल. तेव्हा ते चालवणारा कोण, त्याचं वय काय, आणि त्याच्या शेजारी कोण बसलं आहे, हे प्रश्न आपले आहेत.

आता नियम. युरोपीय संघाने ३ नोव्हेंबर २०११ रोजी वैमानिकांच्या परवान्यांचा ११७८ क्रमांकाचा नियम केला. त्यात एफसीएल ०६५ नावाचं एक छोटं कलम आहे. प्रवासी किंवा माल भाड्याने नेणाऱ्या उड्डाणांपुरतं ते लागू. मूळ कलमाचा गाभा असा: साठ वर्षं पूर्ण झालेल्या पायलटने अशा उड्डाणावर एकट्याने जायचं नाही, दोन पायलटांच्या जोडीतला एक म्हणूनच जायचं. पासष्ट पूर्ण झाली की जोडीनेही नाही. विमान असो वा हेलिकॉप्टर, मर्यादा एकच. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २३ नोव्हेंबर २००६ पासून हीच चौकट धरली आहे, आणि आपल्या १९३७ च्या विमान नियमांत २८-अ हा नियम याच धर्तीवर आहे. म्हणजे युरोपविषयी बोलताना मी अर्ध्याहून अधिक आपल्याविषयीच बोलतो आहे.

आपल्याकडे साठीला शांत करतात. कुटुंब जमतं, पोरंबाळं वाकून नमस्कार करतात. त्यामागची समजूत अशी की इथून पुढे शरीराला जपायचं, भार इतरांवर सोपवायचा. युरोपचा नियमही साठीच्या उंबरठ्यावर काहीसं तसंच सांगतो: आता एकट्याने नको. पण ‘साठ’ हा आकडा आला कुठून? कोणत्या प्रयोगशाळेत तो सापडला? माझ्या धंद्यातली ही जुनी दुखरी जागा आहे. अमेरिकेने १९५९ मध्ये मोठ्या विमान कंपन्यांच्या पायलटांना साठ ही मर्यादा घातली. जेट विमानं नुकती येत होती आणि वयाचा धोका मोजण्याची साधनं हातात नव्हती. कुठेतरी रेघ मारायची होती, ती मारली. जवळजवळ अर्धं शतक ती तशीच राहिली आणि डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने ती पासष्टवर नेली. जपानने २०१५ मध्ये आपल्या पायलटांना सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मुभा दिली. तोच माणूस, तेच हृदय, पण देशागणिक रेघ वेगळी.

ही गफलत न्यायालयापुढेही गेली. लुफ्तान्झाच्या तीन पायलटांना कंपनी आणि संघटनेतल्या कराराने साठाव्या वर्षी घरी बसवलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ सप्टेंबर २०११ रोजी प्रिग्गे खटल्यात निकाल दिला: कायदा जर पासष्टपर्यंत परवानगी देतो, तर कराराने साठवरच दार बंद करणं हा वयावरून केलेला भेदभाव. मग ५ जुलै २०१७ रोजी फ्रीस खटल्यात त्याच न्यायालयाने पासष्टची मर्यादा मात्र उचलून धरली. पण तिची व्याप्ती आखून दिली. प्रवासी किंवा माल नसलेलं रिकामं विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं, शिकवणं, परीक्षा घेणं ही कामं पासष्टीनंतरही करता येतील. मला हा निकाल फार समंजस वाटतो. नियम म्हाताऱ्या माणसाला आकाशातून खाली खेचत नाही. त्याच्या पाठीमागे बसलेल्या, काहीच न कळणाऱ्या माणसाचं रक्षण करतो.

इथे मला कुमार गंधर्वांची आठवण येते, आणि देवासच्या माणसाला ती येणारच. क्षयाने खंगलेले कुमारजी १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला आले. फुफ्फुस गेलेलं, गाणं बंद, वर्षानुवर्षं अंथरूण. कोणत्याही वैद्यकीय फूटपट्टीने मोजलं असतं तर त्या माणसाने पुन्हा गाऊ नये असंच उत्तर आलं असतं. ते पुन्हा गायले, आणि कसे गायले हे इथे सांगायची गरज नाही. १२ जानेवारी १९९२ पर्यंत ते आमच्यात होते. म्हणून मी तरुण असताना मला वाटायचं, माणसाला आकड्यात बांधणं हा अन्यायच. पुढे पायलटांच्या तपासण्या करू लागलो तेव्हा फरक कळला. गायकाचा श्वास मध्येच तुटला तर मैफल थांबते, बैठकीतल्या कोणाचा जीव जात नाही. पायलटचं तसं नाही. त्याने स्वतःवर घेतलेली जोखीम मागच्या सीटवरच्या चार-सहा जणांवरही पडते, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

हेलिकॉप्टरमध्ये ही गोष्ट विमानापेक्षा किती तीव्र आहे, ते थोडं तपशिलात सांगायला हवं. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय अखंड कामात असतात. डाव्या हातात कलेक्टिव्ह, त्याने वर-खाली. उजव्या हातात सायक्लिक, त्याने पुढे-मागे, डावी-उजवीकडे. पायाखाली पेडल, त्याने शेपूट आवरायची. विमान नीट संतुलित करून सोडलं तर काही काळ आपलं आपण सरळ जातं. ऑटोपायलट नसलेलं साधं हेलिकॉप्टर तसं जात नाही. हात सुटले की काही क्षणांत ते कलंडू लागतं. इंजिन बंद पडलं तर पात्याचा वेग राखण्यासाठी कलेक्टिव्ह खाली दाबायला एक-दोन सेकंदच मिळतात. मग खाली येताना खालून वर जाणाऱ्या हवेच्या जोरावर पाती फिरती ठेवून उतरायचं असतं. छातीत कळ आल्यावरही बस कडेला घेऊन प्रवासी वाचवणाऱ्या एसटी चालकांच्या बातम्या आपण वाचतो आणि डोळ्यांत पाणी येतं. हवेत कडेला घ्यायला जागा नसते.

आणि मुख्य म्हणजे, मोठ्या प्रवासी विमानात दोन पायलट असतातच. लहान हेलिकॉप्टर बहुतेक वेळा एकाच पायलटवर चालतं. म्हणून साठीचा नियम विमानवाल्याला फारसा जाणवत नाही. तो पासष्टपर्यंत त्याच कॉकपिटमध्ये बसतो. हेलिकॉप्टरवाल्याचं मात्र साठाव्या वाढदिवसाला काम जातं, कारण त्याच्या शेजारची सीट रिकामी असते, किंवा तिथे तिकीट काढलेला प्रवासी बसलेला असतो. एकाच कलमाचा दोघांवर इतका वेगळा परिणाम होतो.

आता गुरुजींच्या आवडीचा भाग, गणित. विमान-वैद्यकशास्त्रात ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात. १९८० च्या दशकात युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी तो रूढ केला. समजा एखाद्या पायलटला वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता एक टक्का आहे. वर्षात ८,७६० तास, ढोबळमानाने दहा हजार धरू. म्हणजे दर तासाला दहा लाखांत एक. उड्डाणाचा फार तर दहावा भाग, उतरण्या-चढण्याचा, खरा नाजूक. आणि अशा वेळी शेजारी दुसरा पायलट असेल तर शंभरातल्या एखाद्याच वेळी त्याच्याकडून सावरलं जात नाही. दहा लाख गुणिले दहा गुणिले शंभर: शंभर कोटी. म्हणजे एका तासात पायलटच्या आजाराने अपघात होण्याची शक्यता शंभर कोटींत एक. एवढी जोखीम समाजाने पत्करायला हरकत नाही, असं तज्ज्ञांनी ठरवलं.

या गुणाकारातून शेजारचा पायलट काढून टाका. शंभर हा आकडा पुसला जातो. हेलिकॉप्टर असेल तर दहाचाही भरवसा उरत नाही, कारण त्यात नाजूक नसलेला भाग फारच थोडा. शंभर कोटींचे दहा लाख झाले. आता पायलटचं वय साठऐवजी पन्नास करून पाहा. धोका कमी होतो, निश्चित होतो, पण हजारपटीने नाही. या हिशेबातून मला जे दिसलं ते आजच्या व्याख्यानाचं मर्म आहे: वयापेक्षा एकटेपणा हा मोठा धोका आहे. नियमाने दोन्हींना एका कलमात आणलं, आणि चर्चा मात्र आपण फक्त वयाची करत राहिलो.

१८ जून १९७२ ला लंडनच्या हिथ्रो विमानतळावरून सुटलेलं ट्रायडंट विमान स्टेन्सजवळ पडलं. ११८ माणसं गेली. विमानाच्या कॅप्टनचं हृदय बिघडलेलं होतं, हे शवविच्छेदनात दिसलं. त्याचं वय होतं ५१. साठीच्या कोणत्याही रेघेने त्याला अडवलं नसतं. त्या अपघाताला इतरही कारणं होती, पण आमच्या शाखेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकवतात, तो या एकावन्न या आकड्यासाठी.

माझ्या टेबलावरचंही सांगतो. चाळीस-बेचाळीसचा एक तडफदार पायलट, व्यायाम करणारा, ट्रेडमिलवर तिसऱ्या टप्प्याला ईसीजीत बदल दिसले. त्याला काहीही जाणवत नव्हतं. अँजिओग्राफीत मुख्य धमनी अरुंद निघाली. त्याच आठवड्यात बासष्टचे एक गृहस्थ आले, शिकवण्याचं काम करणारे. ट्रेडमिल पूर्ण केलं, रक्तदाब लहान मुलासारखा. नियमाने पहिला एकट्याने प्रवासी नेऊ शकत होता, दुसरा नेऊ शकत नव्हता. मी पहिल्याला ‘टेम्पररी अनफिट’ लिहिलं तेव्हा तो रडला. त्याच्या घरावर कर्ज होतं.

इथे आपल्याकडच्या हृदयाची एक गोष्ट आहे, आणि ती आपण मान्य करायला हवी. आपल्या उपखंडातल्या लोकांना हृदयविकार युरोपातल्या लोकांपेक्षा पाच ते दहा वर्षं लवकर गाठतो. कारणं अनेक आहेत: पोटावरची चरबी, मधुमेह, तंबाखू, अनुवंश. म्हणजे युरोपने तिथल्या माणसांकडे पाहून मारलेली साठीची रेघ आपण जशीच्या तशी घेतली, तरी तिच्या अलीकडे उभा असलेला आपला पन्नाशीचा पायलट सुरक्षित आहे असं ती सांगत नाही. युरोपात पन्नाशीनंतर पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या प्रत्येक नूतनीकरणाला ईसीजी होतो. एकट्याने प्रवासी नेणाऱ्याचं प्रमाणपत्र चाळिशीनंतर सहाच महिने चालतं. आपल्याकडेही तपासण्या आहेत, त्या करणारे डॉक्टर जाणते आहेत. पण साधा ईसीजी विश्रांतीतल्या हृदयाचा असतो. दडलेला विकार त्यात बऱ्याचदा दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: भारतात एकट्याने प्रवासी नेणाऱ्या हेलिकॉप्टर पायलटची सखोल हृदयतपासणी चाळिशीपासून व्हावी, साठीची वाट पाहू नये.

आणि लपवण्याबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. वर्षानुवर्षं मी पाहिलं की मेडिकलच्या आधी दोन दिवस रक्तदाबाची गोळी घेऊन येणारे, खासगी लॅबचा रिपोर्ट गाडीच्या डिकीत ठेवून येणारे, छातीत दुखल्याचं बायकोलाही न सांगणारे पायलट असतात. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. खरं बोलल्याची किंमत म्हणून जर माणसाची नोकरी जाणार असेल, तर तो खोटं बोलेल. एकदा एका कंपनीने, तिचं नाव घेत नाही, तात्पुरत्या अनफिट झालेल्या पायलटचा पगार पहिल्याच महिन्यात थांबवला. पुढच्या वर्षभरात त्या कंपनीच्या एकाही पायलटने मला कसलीही तक्रार सांगितली नाही. सगळे ठणठणीत. ते वर्ष मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटलं.

आपल्याकडच्या हेलिकॉप्टर पायलटांत फार मोठा वाटा लष्कर, हवाई दल, नौदलातून निवृत्त झालेल्यांचा आहे. मोठ्या संख्येने अधिकारी चोपन्नच्या आसपास गणवेश उतरवतात. त्यानंतर साठपर्यंत पाच-सहा वर्षं. एवढ्यात मुलांची लग्नं, घर, म्हातारपणाची सोय. म्हणून ‘साठ’ या आकड्याभोवती त्यांचं मन सतत फिरतं. आणि हीच माणसं सियाचीनमध्ये, ईशान्येच्या डोंगरांत हेलिकॉप्टर चालवून आलेली असतात. त्यांच्याजवळ एक गोष्ट असते जी पंचविशीतल्या मुलाजवळ नसते: ‘आज जायचं नाही’ असं म्हणण्याची हिंमत. ढग खाली आले आहेत, मंत्री ताटकळला आहे, यात्रेकरूंची रांग लागली आहे, मालकाचा फोन वाजतो आहे, तरी चावी खिशात ठेवून बसून राहणं. हे वयाने येतं. म्हणून साठीनंतरचा पायलट म्हणजे केवळ धोका, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

युरोपातही हाच पेच रुग्णवाहू हेलिकॉप्टरांबाबत उभा राहिला. जर्मनीत १९७० मध्ये म्युनिकहून ‘क्रिस्टोफ १’ हे हेलिकॉप्टर सुरू झालं, आणि आता देशभर अशी पिवळी हेलिकॉप्टरं डॉक्टरला घेऊन अपघातस्थळी उतरतात. पुढे पायलट एकच, पण शेजारी खास शिकवलेला सहायक बसतो. तो नकाशा बघतो, रेडिओ सांभाळतो, अडथळे सांगतो. उड्डाणं लहान. या कामातले अनुभवी लोक साठाव्या वर्षी घरी जाऊ लागले आणि जागा भरेनात. तेव्हा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनेच अभ्यास करवून प्रस्ताव पुढे आणला की या रुग्णसेवेपुरती एकट्या पायलटला पासष्टपर्यंत मुभा द्यावी, मात्र हृदयाची वाढीव तपासणी करून. मला हे पाऊल योग्य वाटतं. कारण त्यात तीन गोष्टी एकत्र तोलल्या आहेत: पायलटच्या शरीराची कसून तपासणी, शेजारी बसलेला जाणता माणूस, आणि उड्डाणच झालं नाही तर मरणारा रुग्ण. हा तिसरा मुद्दा हिशेबात घ्यायला आपण डॉक्टर लोकही विसरतो. दर्शनाचं उड्डाण रद्द झालं तर दर्शन उद्या होतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला उद्या नसतो.

म्हणूनच तीर्थयात्रेच्या उड्डाणांना मी हीच सवलत देणार नाही. केदारनाथच्या मार्गावर १८ ऑक्टोबर २०२२ ला हेलिकॉप्टर पडलं, सात जण गेले. १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ पुन्हा पडलं, पुन्हा सात जण. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, दोन वर्षांच्या लेकरासह. या अपघातांना पायलटचं वय कारण होतं असं मी मुळीच म्हणत नाही. तसा आरोप करणं त्या मृत पायलटांवर अन्याय होईल. डोंगर, ढग आणि घाई यांचं ते क्षेत्र आहे. मला दाखवायचं आहे ते इतकंच की दोन्ही वेळी ते बेल ४०७ होतं, एका इंजिनाचं, आणि पुढे एकच पायलट होता. ढगात दिशा हरवली, तर ‘वळा, मागे फिरा’ असं सांगणारा दुसरा आवाज कॉकपिटमध्ये नव्हता.

कोणी म्हणेल, दोन पायलट असले म्हणजे अपघात होत नाहीत का? होतात. मुंबईच्या समुद्रात ओएनजीसीच्या फलाटांकडे जाणारी पवन हंसची हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची आणि दोन पायलटांची. तरी १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं डॉफिन समुद्रात पडलं, पाच अधिकारी आणि दोन पायलट गेले. २८ जून २०२२ ला आणखी एक पाण्यात उतरलं, नऊपैकी चार गेले. दुसरा पायलट हा ताईत नव्हे. पण समुद्रावर जाणाऱ्या तेल कामगारासाठी आपण दोन पायलट आणि दोन इंजिनं गरजेची मानतो, आणि हिमालयात जाणाऱ्या आजीसाठी एकावर भागवतो, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. उत्तर पैशाचं आहे. तेल कंपनीला परवडतं. यात्रेकरूंच्या हेलिकॉप्टरमध्ये दुसरा पायलट बसवला की एका सीटचं भाडं जातं.

आता मी कुठे उभा आहे ते सांगतो, म्हणजे नंतर प्रश्नोत्तरांत तुम्हाला मला धरता येईल. दोन पायलटांच्या जोडीत पासष्टपर्यंत, हे मला पूर्ण मान्य. पासष्टची रेघ पुढे सरकवायची घाई मी करणार नाही, विशेषतः आपल्याकडच्या हृदयविकाराचं प्रमाण पाहता. रुग्णवाहू हेलिकॉप्टरला युरोपसारखी सवलत द्यावी, पण वाढीव तपासणी आणि शेजारी शिकवलेला सहायक, या दोन्ही अटी कागदावर न राहता प्रत्यक्षात असतील तरच. दर्शन, पर्यटन आणि निवडणूक प्रचाराची उड्डाणं मात्र एकट्या पायलटवर होऊच नयेत, मग तो तीस वर्षांचा असो की एकोणसाठचा. साठी उलटलेल्या अनुभवी पायलटला याच उड्डाणांत तरुणाशेजारी बसवा. त्याची भाकरी राहील, तरुणाला शिकायला मिळेल, आणि मागच्या सीटवरची आजी घरी येईल.

हे अगदीच अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आपल्या राज्याची एअर अ‍ॅम्ब्युलन्स आणि तीर्थदर्शनाची सेवा सरकारी कराराने चालते. करारात काय लिहायचं हे सरकारच्या हातात आहे. दोन पायलट, दोन इंजिनं, अनफिट पायलटला पूर्ण पगारी रजा, एवढ्या तीन ओळी निविदेत घातल्या तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. युरोपची, दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

या गावात बिल्वामृतेश्वराच्या बेटाकडे पाहताना दधीचींची कथा सगळ्यांना आठवते. इथली श्रद्धा आहे की ही त्यांची तपोभूमी. वृद्ध ऋषीने आपली हाडं देवांना दिली, आणि तीही मागितल्यावर, समजून उमजून. मला ती कथा आवडते ती त्या समजून देण्यासाठी. आपल्या यात्रेकरूंना मात्र न सांगता, न विचारता जोखमीवर बसवलं जातं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ओंकारेश्वरला किंवा केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणार असाल, तर तिकीट काढताना खिडकीवर विचारा: पुढे किती पायलट आहेत आणि इंजिनं किती आहेत? उत्तर मिळालं नाही तर पत्र लिहा, जिल्हाधिकाऱ्यांना, आमदारांना. आणि तुमच्या घरात, नात्यात कोणी पायलट असेल, तर त्याला आज रात्री फोन करा. छातीत कधी दुखलं असेल तर डॉक्टरांना सांग, नोकरी गेली तर आम्ही आहोत, एवढं त्याला सांगा.